स्वांगुलीचे प्रमाण आणि परक्याची मोजपट्टी : फॅशनसृष्टी, देहप्रतिमा आणि वैद्याचे कर्तव्य

गतवर्षी श्रावणात एका महाविद्यालयीन युवतीला घेऊन तिची आई माझ्या चिकित्सालयात आली. तक्रार आईची होती; मुलीच्या मते तिला काहीही झालेले नव्हते. तीन महिने आर्तवदर्शन नाही, केस मुठीने गळतात, जिना चढताना भोवळ येते, हातपाय सदैव गार. उंची १५७ सेंमी, वजन ३८ किलो. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात फॅशन शो होणार होता आणि पुढे पुण्याला जाऊन मॉडेलिंग करावे अशी तिची इच्छा होती. आहार विचारला तेव्हा समजले की सकाळी ग्रीन टी, दुपारी काकडी आणि रात्री अर्धी ज्वारीची भाकरी. जोडीला चरबी घटविणारे एक चूर्ण, जे तिने औषध दुकानातून चिठ्ठीविना आणले होते. डबीवरील घटकांत सोनामुखी अग्रस्थानी होती. "सर, मॉडेलचं वजन एवढंच असतं," असे तिने मला शांतपणे सांगितले.

तपासणी आटोपल्यावर आईने आवाज खाली आणून विचारले, "डॉक्टरसाहेब, जरा रंग उजळेल असंही काही द्या. पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत."

हा प्रश्न माझ्याकडेच का विचारला गेला, याचे उत्तर चिकित्सालयाबाहेरच्या पाटीवर होते. सुमारे चौदा वर्षांपूर्वी व्यवसायाच्या उमेदवारीच्या काळात मी त्यावर 'वजन कमी करणे, गोरेपणा व चेहऱ्याचे तेज यांवर खात्रीशीर उपचार' अशी ओळ लिहून घेतली होती. ज्या मोजपट्टीने ती मुलगी स्वतःस मोजत होती, तिचा एक तुकडा माझ्याही दारावर टांगलेला होता. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या पाटीपासून सुरू होतो.

मोजपट्टी कोठून येते

फॅशनचा व्यवसाय वस्त्रे विकतो. वस्त्र चांगले दिसावे म्हणून ते उंच व सडपातळ देहावर मांडले जाते, आणि कालांतराने तो देहच विक्रीची वस्तू बनतो. या प्रक्रियेची किंमत २००६ साली जगाला उघड दिसली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस ही बावीस वर्षांची मॉडेल फॅशन शो चालू असतानाच कोसळून मृत्यू पावली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची एकवीस वर्षांची आना कारोलिना रेस्टन अ‍ॅनोरेक्सियाच्या उपद्रवांनी गेली. दरम्यान सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने बीएमआय १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेल्सना मंचावर येण्यास मनाई केली. इस्राएलने २०१२ मध्ये कायदा करून ही मर्यादा १८.५ ठरविली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे झाले, आणि संगणकावर देह बारीक वा जाड केलेल्या जाहिरातीतील छायाचित्रावर तसे नमूद करणेही बंधनकारक झाले.

आपल्याकडे मॉडेलच्या वजनाविषयी असा कायदा नाही. मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये २०१६ साली स्थूल बांध्याच्या स्त्रीपुरुषांचा स्वतंत्र शो झाला, त्याची वृत्तपत्रांनी कौतुकाने दखल घेतली. परंतु स्वतंत्र शो करावा लागला यातच बाकीच्या मंचाची स्थिती स्पष्ट होते. रंगाच्या बाबतीत चित्र थोडे हलले आहे. चेन्नईच्या एका संस्थेने २००९ साली 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू केली, पुढे अभिनेत्री नंदिता दास तीत सहभागी झाल्या. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळ्या वर्णाची व्यक्ती दुःखी वा अपयशी दाखवू नये असा दंडक घातला. १९७५ पासून बाजारात असलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातील 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला आणि त्या जागी 'ग्लो' आला. डबी तीच राहिली.

आता साधा हिशेब पाहू. १७५ सेंमी उंचीच्या मॉडेलचा बीएमआय १८ धरला तर तिचे वजन ५५ किलो भरते. आपल्या भागातील १५२ सेंमी उंचीच्या मुलीचे वजन ४८ किलो असेल तर तिचा बीएमआय २०.८ येतो, म्हणजे ती पूर्णतः निरोगी मर्यादेत आहे. परंतु भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उंची दिसत नाही. दिसते ती कंबर. मुलगी ती कंबर आपल्या देहावर शोधते, न सापडल्यास जेवण कमी करते. आणि हे ज्या समाजात घडते, तेथे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) सुमारे पाचातील एक स्त्री आधीच कमी वजनाची आहे आणि महाराष्ट्रातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त आहेत. आपल्याकडे लंघन करू पाहणारी मुलगी पुष्कळदा आधीच अपतर्पित असते, हे युरोपातील चर्चेत न येणारे सत्य वैद्याने प्रथम ध्यानी घ्यावे.

शास्त्र काय म्हणते

चरक सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्याय आपण सर्वांनी पदवीच्या काळात पाठ केला आहे. अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोमा, अलोमा, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल व अतिकृश ही आठ नावे परीक्षेत लिहून आपण पुढे गेलो. 'निन्दित' हा शब्द आजच्या कानाला कठोर लागतो, आणि तो लोकनिंदेशी जोडलेला आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्या यादीची रचना लक्षपूर्वक पाहावी. अतिकृष्णाच्या शेजारी अतिगौर बसविला आहे, अतिस्थूलाच्या शेजारी अतिकृश. दोन्ही टोके सारख्याच तोलाने सांगितली आहेत. फॅशनच्या मोजपट्टीला मात्र एकच टोक निंद्य वाटते.

अतिकृशाचे वर्णन तर एखाद्या फॅशन नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरून घेतल्यासारखे वाटावे : नितंब, उदर व ग्रीवा शुष्क, शिरांचे जाळे वर आलेले, त्वचा आणि अस्थी एवढेच शेष, सांधे मोठे दिसणारे. असा मनुष्य व्यायाम, भूक, तहान, व्याधी, औषध, अतिशीत, अतिउष्ण यांपैकी काहीच सोसू शकत नाही. कारणांमध्ये रूक्ष अन्नपान, लंघन, अल्प मापाने जेवणे, वेग व निद्रा यांचा अवरोध, शोक, क्रोध यांच्या जोडीला आचार्यांनी क्रियातियोगही घेतला आहे, म्हणजे चिकित्सेचाच अतिरेक. सोनामुखीचे चूर्ण महिनोन्महिने घेणारी मुलगी याच पदाखाली येते, आणि त्या क्रियेचा कर्ता कित्येकदा आपल्यापैकी कोणी तरी असतो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. स्थौल्य व कार्श्य यांत कार्श्य बरे, असे चरकांनीच म्हटले आहे. ते खरे, परंतु ती तुलना चिकित्सासुलभतेची आहे. स्थूलास संतर्पण द्यावे तर मेद वाढतो, अपतर्पण द्यावे तर त्याचा तीक्ष्ण अग्नी ते सोसत नाही, म्हणून स्थौल्य दुश्चिकित्स्य. त्यातून कृशता ही सौंदर्याची कसोटी ठरत नाही. आचार्यांची प्रशंसा आहे ती सममांसप्रमाण, समसंहनन व दृढेंद्रिय पुरुषाची. आणि त्याची लक्षणे सांगताना भूक, तहान, ऊन, थंडी व श्रम सोसण्याची आणि अन्न पचविण्याची शक्ती सांगितली आहे. तो कसा दिसतो यापेक्षा त्याचा देह काय करू शकतो, यावर भर आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा प्रमाण परीक्षेचा. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शरीराचे प्रमाण ८४ अंगुले सांगितले आहे, आणि ती अंगुले ज्याची त्याची आहेत. उंच मनुष्याची अंगुली मोठी, ठेंगण्याची लहान. दोघेही आपापल्या अंगुलीने ८४ भरू शकतात. मोजपट्टी ज्याच्या त्याच्या हातातच असते. औंढ्याच्या मुलीने मुंबईच्या मॉडेलच्या इंचांत स्वतःला मोजावे याला शास्त्रात आधार नाही. त्याच अध्यायात सार परीक्षेच्या ओघात आचार्य वैद्यालाही सावध करतात : केवळ देह पाहून हा पुष्ट म्हणून बलवान, हा कृश म्हणून दुर्बल असा मोह होऊ देऊ नये, मुंगी एवढीशी असून मोठा भार वाहते. आपण नाडी पाहण्यापूर्वीच रोग्याला "वजन फार वाढलंय हो" म्हणून मोकळे होतो, तेव्हा हा इशारा आपल्यासाठीच असतो.

वर्ण आणि वर्ण्य

इंद्रियस्थानाच्या प्रथम अध्यायात प्रकृतिवर्ण चार सांगितले आहेत : कृष्ण, श्याम, श्यामावदात व अवदात. प्रारंभ कृष्णापासून आहे. विकृतिवर्णांत नील, ताम्र, हरित इत्यादींबरोबर शुक्लाचीही गणना आहे. म्हणजे काळा वर्ण हा प्रकृतीचा, आणि पांढराफटक वर्ण मात्र वैद्याने चिंता करावी असा. शारीरस्थानात गौर अपत्याची इच्छा करणाऱ्या स्त्रीसाठी विधी आहे, हे उदाहरण गोरेपणाच्या समर्थनार्थ वारंवार दिले जाते. पण त्यालाच लागून श्याम व कृष्णवर्ण अपत्याची इच्छा करणाऱ्या स्त्रीचाही उल्लेख आहे, तो कोणी देत नाही.

वर्ण्य महाकषायातील चंदन, उशीर, मंजिष्ठा, सारिवा, यष्टिमधु ही द्रव्ये वर्णाला हितकर आहेत, ती वर्ण बदलणारी नव्हेत. भ्राजक पित्त सम असेल, रस व रक्त प्रसन्न असतील तर जो वर्ण आहे त्यावर प्रभा येते. कुंकुमादी तैल अष्टांगहृदयात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी येते, व्यंग व नीलिकेसारख्या विकृतींसाठी. ते गोरे करणारे तेल म्हणून विकणे म्हणजे औषधाचा अधिकार बदलणे होय. आपल्या जिल्ह्याला हे विशेष कळावे, कारण वसमतची हळद हे आपले वैभव आहे. निघंटूंनी हरिद्रेला वरवर्णिनी म्हटले आहे, तसेच हट्टविलासिनी, म्हणजे बाजारात शोभणारी, असेही म्हटले आहे. बाजाराने फक्त दुसरे नाव लक्षात ठेवले. असो.

अकोल्याची डबी

हिंगोलीहून रेल्वेने वाशीममार्गे अकोला काही तासांवर आहे. आपले रुग्ण आणि आपला औषधांचा मालही तेथे ये-जा करतो. म्हणून जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले अकोल्याचे प्रकरण आपण आपल्याच घरचे समजावे. तेथील एका घरातील आई व दोन मुली स्थानिक ब्यूटीशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम वापरीत होत्या. रंग उजळला, ओळखीच्यांनी वाखाणणीही केली. नंतर २०२२ च्या आरंभी एकामागून एक तिघींच्याही वृक्कांना शोथ झाल्याचे निष्पन्न झाले. एकाच घरात तिघींना तोच विकार का, या प्रश्नाने शोध सुरू झाला आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आयुर्वेद प्रयोगशाळेत ते क्रीम तपासले गेले. पाऱ्याची मान्य मर्यादा दशलक्ष भागांत एक भाग असताना त्यात तो हजारोंच्या प्रमाणात निघाला.

पारा त्वचेत मेलॅनिन घडविणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे कार्य रोखतो, म्हणून रंग खरोखरच फिका होतो. लोकांचा विश्वास बसतो तो या 'खरोखर'मुळे. तो त्वचेतून शोषला जाऊन वृक्कात साठतो, मूत्रातून प्रथिने वाहू लागतात, पायांवर व डोळ्यांभोवती सूज येते, मूत्र फेसाळ होते. क्रीम थांबविले की रंग पूर्ववत होतो, म्हणून ते पुन्हा आणले जाते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील वृक्कतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत नेल-१ हा विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली, ही त्यातील दिलाशाची बाजू.

दुसरी बाजूही आपल्या व्यासपीठावर मांडली पाहिजे. हाच नेल-१ प्रकार पारायुक्त पारंपरिक औषधे घेणाऱ्या रुग्णांतही आढळल्याचे वेल्लोरच्या वृक्कतज्ज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले आहे. शोधन, मारण आणि मात्रा यांविषयी आपण कितीही बोललो तरी गावोगाव पुडीतून जाणाऱ्या कल्पांची तपासणी कोण करतो, हा प्रश्न राहतोच. पाऱ्याचे गुण आणि विषत्व हजार वर्षे ग्रंथांत नोंदविणाऱ्या परंपरेने पाऱ्याच्या क्रीमबाबत सर्वांत आधी आवाज उठवायला हवा होता. तो वृक्कतज्ज्ञांनी उठविला.

मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार नेत्रप्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्षांत एक भागापलीकडे चालत नाही. करार आणि नियम आहेत. पण बिनलेबलाची डबी कागदावर सापडत नाही, ती गल्ल्यावर सापडते.

गल्ल्यावर व चिकित्सालयात

औषध दुकानदार बंधूंना प्रथम स्टेरॉइड मलमांविषयी विनंती आहे. १४ स्टेरॉइड मलमांना मार्च २०१८ मध्ये अनुसूची एच लागू झाली, म्हणजे ती चिठ्ठीविना देता येत नाहीत. तरी 'ते गोरं करणारं ट्यूब द्या' एवढ्या शब्दांवर ती आजही दिली जातात. सहा महिन्यांनी त्या चेहऱ्यावर त्वचा पातळ, उन्हात जळजळ, तारुण्यपिटिका, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे आणि लव दिसते. नायट्यावर लावले असेल तर त्याचे मूळ रूपच ओळखू येत नाही. वजन घटविण्याच्या 'हर्बल' कॅप्सूल घेताना परवाना क्रमांक, बॅच, निर्मात्याचा पूर्ण पत्ता पाहावा. २०११ मध्ये बंदी आलेले सिब्युट्रामिन अशा कॅप्सूलमध्ये लपवून घातल्याची उदाहरणे देशोदेशी सापडली आहेत. चार दिवसांत भूकच लागेनाशी होते असे गिऱ्हाईक आनंदाने सांगू लागले, तर तो आनंद संशयास्पद समजावा.

मुलांचे दुखणे वेगळे दिसते, पण जातीचे तेच आहे. आपल्या शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे आणि पोलीस भरतीच्या हंगामात मैदाने भरतात. पुरुष उमेदवारास १६५ सेंमी उंची आणि न फुगविता ७९ सेंमी छाती लागते. ती भरावी म्हणून वजन वाढविण्याची पावडर मागितली जाते, आणि पंधरा दिवसांत गाल भरून येणाऱ्या पावडरीत डेक्सामेथासोन व सायप्रोहेप्टाडिन असण्याची शक्यता प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. सुजेचे वजन म्हणजे मांसधातू नव्हे.

जाहिरातीविषयी एक स्मरण. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या अनुसूचीत मेदोवृद्धी, उंची आणि स्तनांचा आकार ही तिन्ही नावे आहेत. कायद्याच्या व्याख्येत जाहिरात म्हणजे सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन आणि तोंडी घोषणासुद्धा. गोरेपणाचाही त्या यादीत समावेश करणारा मसुदा केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला होता. माझ्या पाटीवरील ओळ या कायद्याच्या दृष्टीने कशी होती, ते वाचकांनीच ठरवावे.

चिकित्सालयात मी आता काही गोष्टी नियमाने करतो. सूज, थकवा वा व्यंग घेऊन आलेल्या प्रत्येकाला "चेहऱ्याला काय लावता?" हे विचारतो आणि ती डबी पुढच्या वेळी आणायला सांगतो. संशय वाटल्यास रक्तदाब पाहतो व मूत्रातील प्रथिनांची पट्टी लावतो; तिचा खर्च नगण्य आहे. वजन घटवू इच्छिणाऱ्या तरुण मुलीची उंची व वजन घेतल्याविना आणि आर्तवाविषयी विचारल्याविना मेदोहर गुग्गुळ वा लेखन बस्तीचा विचार करीत नाही. पाळी थांबलेली, नाडी मंद, अंगावर बारीक लव, बोटांच्या सांध्यांवर उलटी काढण्यासाठी दात लागून पडलेले घट्टे, अशी लक्षणे दिसली तर हा केवळ कार्श्याचा रुग्ण नव्हे. मनोविकाराचाही आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेण्यात वैद्याला कमीपणा नाही.

वर उल्लेखिलेल्या मुलीला मी नांदेडला मानसोपचारतज्ज्ञ व फिजिशियन या दोघांकडे पाठविले. दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयाला धोका पोहोचतो, हे आधुनिक वैद्यकाने दाखविले आहे. कृशास संतर्पण द्यावे पण ते लघु असावे, असे चरकांचेही सांगणे आहे. त्यांच्या सल्ल्याने पेया, विलेपी, मग मुगाची मऊ खिचडी व तूप असा क्रम ठेवला. शतावरी बऱ्याच उशिरा दिली. कृशाच्या बृंहणासाठी चरकांनी जी यादी दिली आहे, तिचा प्रारंभ निद्रा, हर्ष, सुखाची शय्या आणि मनाची निर्वृती यांनी होतो, अन्नद्रव्ये त्यानंतर येतात. घरी तिचे वजन व रंग यांवर कोणी बोलायचे नाही, ही अट मी आईला घातली. सर्व पथ्यांत तेच सर्वांत अवघड गेले.

पाटीवरील ती ओळ मी पुसून घेतली. रिकाम्या जागी काय लिहू, असे रंगाऱ्याने विचारले, तेव्हा 'स्त्रियांचे पोषण व पाळीचे विकार' असे सांगितले. पुढील दोन महिन्यांत मुखलेपाची विक्री निम्म्याहून खाली आली, हे लपविण्याचे कारण नाही. माघात मुलीची पाळी पुन्हा सुरू झाली. फाल्गुनात वजन ४५ किलो भरले. स्नेहसंमेलनातील फॅशन शोमध्ये ती होती, असे तिच्या आईने सांगितले. रंगाचा विषय आईने अद्याप सोडलेला नाही. गेल्या भेटीत तिने पिशवीतून एक बिनलेबलाची डबी काढून टेबलावर ठेवली व ही तरी चालेल का, असे विचारले. ती डबी मी ठेवून घेतली आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीसाठी देणार आहे. सभासदांकडे अशा डब्या असतील तर संघटनेच्या पुढील बैठकीस त्या घेऊन याव्यात, म्हणजे सर्व मिळून एकत्रच देता येतील.